हातचा

तळघरात चार हजार शहाण्णव गणक आहेत.
चौसष्ट ओळी, ओळीत चौसष्ट.
एकेकट्याला फार काही येत नाही:
शून्य कळतं, एक कळतो,
आणि बेरजेतला हातचा
पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवता येतो.
हुकूम एकच सुटतो, सगळे एकदम ऐकतात.
ज्याचं काम नसेल त्यानं
मान खाली घालून तो ठोका जाऊ द्यायचा.

बाहेर ॲनापोलिस, फेब्रुवारी.
सेव्हर्न नदीवर पापुद्र्याएवढं बर्फ.
टिबोर वदास जिन्यावरूनच विचारतो,
"लुएला, सोंग वठलं का?"

सोंग म्हणजे असं, की हे यंत्र
दुसऱ्या एका यंत्रासारखं वागून दाखवतं,
जे अजून कुणी बांधलेलंच नाही.
त्यातली संख्या टिबोर जशीच्या तशी लिहीत नाही.
तिचा लॉगरिदम घेतो, मग त्याचा, मग त्याचाही,
ती एकाच्या आत मुकाट बसेपर्यंत;
आणि किती पायऱ्या उतरलो
तो आकडा पुढे मांडतो.
आपल्या रोजच्या यंत्रात
फार वाढलं की अति तिथे माती,
फार बारीक झालं की थेट शून्य.
टिबोरकडे कुणी मातीत जात नाही, शून्यही होत नाही.
फक्त एका साध्या बेरजेला
शेकडो सूचना लागतात.

म्हणून इतके गणक.

त्याला सांगितलेलं नाही मी,
पण मला ओळी नव्या नाहीत.
क्रिसफील्डच्या खेकड्यांच्या कारखान्यात
माझी आई तिसऱ्या ओळीत बसायची.
चाळीस बायका, चाळीस आखूड सुऱ्या.
वाफाळता ढीग स्टीलच्या टेबलावर ओतला
की चाळीस मनगटं एकदम वळायची,
आणि कुणीतरी चर्चमधलं गाणं उचलायचं.

संध्याकाळी मिस्टर ट्रुइट डबे तोलायचे.
पैसे पौंडावर. वरचे औंस
त्यांना दिसतच नसत.
"पाच पौंड, ॲरमिंटा. चला, पुढची."
असायचे पाच पौंड सात औंस.
ते सात कुठे जातात,
हे मला पडलेलं पहिलं गणित.

आईकडे एक वही होती,
खाऱ्या हातांनी फुगलेली.
तीत ती रोजचे औंस मांडायची,
एप्रिल ते डिसेंबर, सतरा वर्षं.
पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात.
तिनं हिशेबाचं आणलं.
ट्रुइटना कधी दाखवला नाही.

काल टिबोर म्हणाला, चाचणीला आकडे हवेत,
कुठलेही घाल, मनाला येतील ते.
मी वही आणली, जेवणाच्या डब्याखाली.
दिवस भरले चार हजार ऐंशी.
एकेका गणकाला एकेक दिवस दिला,
उरलेल्या सोळांना मान खाली घालायला सांगितलं.

बेरीज बारा पावलांची:
शेजारी शेजाऱ्याला आपलं देतो,
मग जोडी जोडीला, मग चौकडी चौकडीला,
असं करत सगळं एका कोपऱ्यात येतं.

पडद्यावर ३.८४८.
तीन पायऱ्या खाली, एकाच्या आत,
माझ्या आईची सतरा वर्षं.

मग मी कागदावर हातानं बेरीज केली.
तीस हजार पाचशे एकोणनव्वद औंस.
पडद्यावरचा आकडा धरून
तीन पायऱ्या परत वर चढले,
तर चोवीस औंस जास्त.
शेवटच्या दशांशाला टिबोरनं वर ढकललं होतं,
नियमानुसार, कुणाकडेही न बघता.

"चूक आहे," तो म्हणाला, चष्मा पुसत.
"छोटी. आणखी दोन दशांश घेऊ?"

"घेऊ," मी म्हटलं. "उद्या."

पंखे घरघरत होते. वही उघडीच होती.
शेवटच्या पानावर, आईच्या अक्षराखाली,
मी पेन्सिलीनं चोवीस लिहिले.